रंबालोर कुणाची कोण?

कुजबुज अशी होती, की रंबालोर ही एक बाई होती.

साधीसुधी नव्हे, सर्कशीत दोरीवरून चालणारी. एका हातात छत्री, दुसरा हात मोकळा. आणि त्या मोकळ्या हातात कधीकाळी नाट्यगृहाच्या कपडेपटवाल्याचा हात होता म्हणे. नाटक कंपनी दौऱ्यावर असताना शेजारच्या मैदानात सर्कस उतरली. बाईच्या झग्याचं अस्तर उसवलं. शिवायला हा गेला, आणि अस्तर शिवता शिवता स्वतःच टाक्यात अडकला. पुढे सर्कस हलली, बाई गेली, ह्यानं घरी येऊन मुकाट्यानं दुसरीशी लग्न केलं. पण दर प्रयोगाला, तिसऱ्या अंकात, पडद्यामागून त्या बाईच्या नावानं गळा काढायची सोय मात्र करून ठेवली.

हिला कुजबुज म्हणायचं ते एवढ्याचसाठी, की एरवी गावभर ही गोष्ट मोठमोठ्यानं चालायची आणि फक्त नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीपाशी आली की तिचा आवाज बसायचा. कारण खिडकीच्या आत कपडेपटवाल्याची बायको बसलेली असायची.

तिला सगळे खिडकीकाकू म्हणत. काकूंचे वडील नाट्यगृहाचे दारवान. आधीचा तिकीटवाला एका नटीच्या मागे गेला आणि नटी परत आली तरी तो आला नाही, तेव्हा वडिलांनी मुलीला त्या स्टुलावर बसवलं, ती तिथंच बसली. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक, एक हात आत येईल एवढं. गिऱ्हाइकाच्या तोंडाशी काकूंचा संबंधच नव्हता; काच कधी पुसलेली असेल तर ना! गाव त्या हातांवरून ओळखायच्या. नखं खाणारा हात पोस्टातला. आधी बोट ओलं करून मग नोट सोडणारा हात सोनाराचा. "दोन द्या, कोपऱ्यातली," म्हणणाऱ्या हातात अंगठी असली आणि शेजारच्या हातात नसली, की काकू निळ्या पेन्सिलीनं खुर्च्यांच्या तक्त्यावर दोन फुल्या मारता मारता मनात तिसरी मारून ठेवायच्या. बातमी त्या खिडकीतून चिल्लर होऊन आत जायची आणि नोट होऊन बाहेर यायची.

नवऱ्याचा हातही त्यांनी आधी खिडकीतूनच पाहिला होता. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा, आणि हातात फुकटचा पास नव्हे, चक्क पैसे. स्वतःच्याच नाट्यगृहाचं तिकीट काढणारा माणूस वेडा तरी असतो नाहीतर लग्नाचा. हा दोन्ही निघाला.

पण काय योग बघा! गावात सगळ्यात जास्त बोलणाऱ्या बाईच्या पदरी सगळ्यात कमी बोलणारा माणूस पडला. कपडेपटवाल्या काकांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच मिटलेला. आणि या माणसाला ठाऊक काय काय असावं? कुणाच्या पोटाला पट्टा आहे, कुणाच्या खांद्यात कापूस आहे, कोणत्या नायिकेच्या वेणीतले किती केस तिचे आणि किती घोड्याचे. सगळं. पण "कपडेपटात दिसलं ते कपडेपटात राहिलं" एवढं एकच वाक्य ते लग्नात बोलले होते आणि त्याला जन्मभर धरून होते.

"आज काय विशेष?" जेवताना काकू विचारायच्या.

"आज इस्त्री नीट तापली नाही," काका सांगायचे.

घरात काठोकाठ भरलेली विहीर, आणि काकू कोरड्या घशाच्या!

आता रंबालोर हा शब्द जन्मला कुठे, याबद्दल वाद नाही. सगळ्या गावानं तो जन्मताना ऐकला आहे. कंपनीचं एक नाटक वर्षानुवर्षं चालत होतं: एक माजलेला राजा, आणि तिसऱ्या अंकात त्याच्या महालावर चालून आलेली प्रजा. राजाचं काम करणाऱ्या नटाला बाहेरही सगळे राजेच म्हणत, आणि तो ओ द्यायचा. प्रजा म्हणजे पडद्यामागे उभे असलेले सुतार, दिवेवाला, चहावाला आणि आपले काका. एवढ्या चौघांनी मिळून राज्य उलथवायचं.

"मनाला येईल ते ओरडा," मॅनेजरनं सांगितलं होतं. "बाहेर नुसता गलका ऐकू गेला पाहिजे."

पहिल्या प्रयोगाला सुताराच्या मनाला आलं ते असं: "माझी पटाशी कुणी नेली?" त्याची पटाशी खरोखरच सकाळपासून सापडत नव्हती. चहावाल्यानं लगेच, "आधी कप परत करा!" राजे पुढे छाती पिटून म्हणतायत, "ही प्रजा माझं रक्त मागते आहे," आणि प्रजा मागते आहे कपबशा. प्रेक्षक असे हसले, की राजांना प्राण सोडायलाही शांतता मिळाली नाही.

"गाढवांनो!" मॅनेजर नंतर किंचाळला. "ज्याला काही म्हणजे काहीच अर्थ नाही असं ओरडता येत नाही?"

येत नाही हो. करून बघा. अर्थ नसलेला शब्द शोधायला बसलं की जगातल्या यच्चयावत शब्दांना अर्थ असतो असं लक्षात येतं. पुढच्या प्रयोगाला तिसरा अंक आला तरी चौघांपैकी तिघे एकमेकांची तोंडं बघत उभे. चौथे काका बाजारातून धापा टाकत आत्ताच पोचलेले, एक हात अजून खिशातच. पुढे राजे म्हणाले, "ऐका, प्रजेचा आक्रोश ऐका!" आणि काका ओरडले, "रंबालोर!"

सुतारानं तो वरच्यावर झेलला. दिवेवाल्यानं शिडीवरून ठोकून दिला. "रंबालोर! रंबालोर!" चौघांचे चारशे झाल्यासारखं वाटलं. खिडकीत बसलेल्या काकूंना भिंतीपलीकडून ते ऐकू आलं तेव्हा आग लागली असं समजून त्या गल्ल्याची पेटी उचलून रस्त्यावर आल्या होत्या.

आणि रंगमंचावर नवल घडलं. भीतीच्या प्रवेशात एरवी ओंडक्यासारखे उभे राहणारे राजे पांढरेफटक पडले. तोंडाला रंग थापलेला असूनही पांढरे! डोळे विस्फारलेले, ओठ थरथरतायत, एक हात मागे सिंहासनाच्या पाठीवर. पुढचं वाक्यच आठवेना. प्रेक्षागृहातले खोकणारे खोकायचे थांबले, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मॅनेजरनं पळत येऊन चारही प्रजाजनांना मिठ्या मारल्या. "हाच शब्द! रोज हाच! एक काना इकडचा तिकडे केलात तर याद राखा."

राजांनी हात जोडून शब्द बदलायला सांगून पाहिलं. पण राजांचं ऐकायला मॅनेजर काही प्रजा नव्हता. दर प्रयोगाला राजे तितकेच पांढरे पडत राहिले आणि भीतीच्या अभिनयाचा असा वस्तुपाठ दुसरा नाही, असं लिहून येत राहिलं. एका टीकाकारानं तर आणखी खोल बुडी मारली. नाटकभर राजे सिंहासनासमोर उभे असतात, एकदाही त्यावर बसत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं. "सत्ता ही बसायची नव्हे, पेलायची वस्तू आहे हे या नटाला उमगले आहे," असं त्यानं लिहिलं. राजांनी ते कात्रण आरशाला चिकटवलं होतं.

शब्द मात्र नाट्यगृहात कोंडून राहायला तयार नव्हता. आधी पोरांनी उचलला, मग पोरांच्या आयांनी. "काय रंबालोर लावलाय रे सकाळी सकाळी?" शाळेत मास्तर छडी आपटून म्हणायचे, "रंबालोर बंद!" नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या तर पेपरात मथळा: सभागृहात रंबालोर. आधीचे शब्द काय कमी होते? पण हा वेगळा होता. गोंधळात कुणाला काही कळत नसतं. गदारोळात प्रत्येकाला आपापलं चांगलं कळत असतं आणि म्हणून तो ओरडत असतो. रंबालोर म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच ओरडायचं, जिवाच्या आकांतानं ओरडायचं, आणि काय ओरडतोय ते कुणालाच ठाऊक नसायचं. असं गावात फार वेळा होत होतं आणि त्याला नाव नव्हतं.

एक दिवस खिडकीतून शाईनं माखलेला एक हात आत आला. काकूंनी ओळखला: पेपरात शब्दांच्या कुळकथा लिहिणारा.

"एकच द्या, शनिवारचं," हात म्हणाला. "आणि काकू, मंगळवारच्या अंकात रंबालोर घेतोय. म्हटलं, लोक म्हणतात ते छापण्याआधी तुमच्या कानावर घालावं."

"काय म्हणतात लोक?"

हात घुटमळला. "म्हणजे... तुम्हाला ठाऊकच असेल की."

आणि तिकीट घेऊन पसार झाला. उरलेले पैसेही न घेता! गावातली एकूण एक बातमी जिच्या खिडकीतून ये-जा करायची, तिच्याच घराची बातमी तिला वळसा घालून गेली होती.

दुपारी नणंदबाई फुकट पास मागायला आल्या. काकूंनी पास हातात धरून ठेवला.

"वन्सं, रंबालोर म्हणजे काय हो?"

"अगंबाई, वहिनी! तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं, तुम्ही मोठ्या मनानं पोटात घातलंय."

"काय पोटात घातलंय?"

"मी नाही बाई सांगणार. माझा सख्खा भाऊ आहे तो," असं म्हणून नणंदबाईंनी सगळं सांगितलं. दोरीसकट, अस्तरासकट.

"आणि छत्री?" काकूंनी कोरड्या आवाजात विचारलं.

"गुलाबी होती म्हणे."

संध्याकाळी काकूंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. काकांच्या तोंडात टाचण्या नसण्याची दिवसभरातली ही एकच वेळ.

"रंबालोर कोण?"

काकांना ठसका लागला, कान लाल झाले.

"कोण म्हणजे?"

"म्हणजे कोण? बाई आहे का?"

"छे! काहीतरीच!"

"मग काय आहे?"

"ते... सांगता येत नाही."

"येत नाही की सांगायचं नाही?"

"अगं, शब्द दिलाय."

"कुणाला? तिला?"

"ती कोण? ती नाहीच!"

"मग लाल कशाला झालात?"

काका ताटावरून उठले, हात धुतले आणि त्यांनी इस्त्री लावली. घरात इस्त्री करायला कपडाच शिल्लक नव्हता. ते पायपुसण्याला इस्त्री करत बसले.

काकूंना सर्कशीचं एवढं काही नव्हतं. लग्नाआधीची बाई ती, कुठल्या का दोरीवर लोंबकळेना! पण इतकी वर्षं भिंतीपलीकडून तो आवाज आला की काकू खिडकी बंद करायच्या. तिसरा अंक सुरू झाला, आता कुणी येत नाही, गल्ला आवरा. म्हणजे नवरा भर नाट्यगृहात दुसरीच्या नावानं बोंबलणार आणि त्या बोंबेवर आपण घड्याळ लावणार? आणि मंगळवारी ते छापून येणार. बुधवारपासून त्या भोकातून आत येणारा प्रत्येक हात कीव करत येणार. सुटे पैसे मोजून न घेणारे हात! त्यापेक्षा खिडकी नको, घर नको, नवराही नको.

"शनिवारच्या प्रयोगाच्या आत सांगा," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी बहिणीकडे चालले. कायमची."

काकांनी पायपुसणं उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूनं इस्त्री फिरवली.

शनिवारी काकू भरलेली पिशवी स्टुलाखाली ठेवूनच तिकिटं विकायला बसल्या. हाऊसफुल्ल. काका दोनदा खिडकीच्या मागच्या दाराशी आले, उभे राहिले, गेले. तिसरा अंक लागायच्या सुमाराला काकूंनी आवाजाची वाट न पाहता खिडकी खाडकन बंद केली, पिशवी उचलली आणि बोळातून थेट पडद्यामागे शिरल्या.

महाल मागून पाहिला तर नुसत्या काठ्या आणि ठिगळं. चार बंडखोर ओळीत उभे होते. सुताराच्या कानावर पेन्सिल, चहावाल्याच्या हातात किटली, दिवेवाला शिडीवर. काकांच्या हातावर राजांचा बदलायचा झगा. काकू त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आज जो तो शब्द तोंडातून काढेल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्याच्या घरच्यांना माझ्या खिडकीतून सात जन्म पास मिळणार नाही."

सुताराला बायको होती, मेव्हणी होती, मेव्हणीच्या मैत्रिणी होत्या. क्रांती जागच्या जागी खाली बसली.

पुढे राजे गरजले, "ऐका, प्रजेचा आक्रोश ऐका!"

चिडीचूप. कुठंतरी एक खुर्ची करकरली.

"ऐका म्हणतो मी!"

"ऐकतोय, ऐकतोय, होऊ दे!" मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, आणि हशा पिकला.

राजे तोंड प्रेक्षकांकडे ठेवून खेकड्यासारखे तिरके तिरके विंगेकडे सरकले. "मेलात का रे सगळे?" ते दात न उघडता म्हणाले.

"आधी ती कोण ते सांगा!" विंगेतून काकू.

"ती? कोण ती?"

"रंबालोर!"

काकूंना ओरडायचं नव्हतं. पण जन्मभर काचेआडून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की तो बारीकशा भोकातूनही नेम धरून बाहेर पडायचा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. प्रेक्षक ह्याचीच तर वाट पाहत होते! प्रजा ओरडत नाही म्हटल्यावर त्यांनी राज्य हातात घेतलं. "रंबालोर! रंबालोर!" पाय आपटतायत, खुर्च्या बडवतायत, बाल्कनीतून कुणीतरी शीळ घातली. चौघांनी आजवर ज्याची नक्कल केली ते अस्सल प्रकरण पहिल्यांदा त्या छपराखाली उठलं.

राजे पांढरे पडले. एक पाऊल मागे सरले. आणखी एक सरले, ते मात्र जास्त झालं. गुडघ्यांमागे सिंहासन लागलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच राजे सिंहासनावर बसले. बसले तसे उठले. त्या बसण्या-उठण्याच्या मधे त्यांच्या तोंडून जे निघालं, ते कुठल्याही नाटकात लिहिलेलं नाही आणि लिहू म्हटलं तर त्याला अक्षरं नाहीत. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनं पडदा पाडला.

काका धावले. बायको समोर उभी, हातात पिशवी. तरी तिच्या अंगावरून ते धावले ते राजांकडे. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण आता जायचं तर शेवटचं बोलून जायचं, म्हणून त्याही पाठोपाठ रंगपटात घुसल्या.

राजे आरशाची चौकट धरून उभे होते. मुकुट कानावर आलेला.

"वहिनी, ही पिशवी कसली?"

"बहिणीकडे चालले. ती कोण ते हे सांगत नाहीत."

राजांनी काकांकडे पाहिलं. काकांनी तेवढ्यात मूठभर टाचण्या तोंडात कोंबल्या होत्या.

"तू बोलला नाहीस?"

काकांनी मान हलवली. नाही.

"अरे, बायको निघाली घर सोडून, तरी नाही?"

पुन्हा तीच मान. डोळे मात्र पिशवीवर, आणि त्यात पाणी.

राजांनी मुकुट काढून टेबलावर ठेवला. मुकुटाशिवाय ते फारच साधे दिसत होते, पोस्टात वगैरे असतात तसे. "दार लाव," ते म्हणाले. "वहिनी, बसा."

"तुम्ही बसा आधी."

"मी उभाच बरा," राजे म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं.

दारावर कान लावून उभ्या असलेल्या सुताराला शब्द ऐकू आले नाहीत. आधी राजांची नुसती पुटपुट, मग काकूंचा हुंदका, मग एकामागून एक हुंदके, मग धप्पकन पिशवी पडल्याचा आवाज. "काकू धाय मोकलून रडल्या हो," असं त्यानं रात्रीच्या आत गावभर केलं. आत काकू पोट धरून हसत होत्या. पण हसू बाहेर फुटू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात होता, त्याला सुतार काय करणार!

दुसऱ्या दिवशी शाईचा हात पुन्हा खिडकीत आला. जरा ओशाळलेला.

"काकू, छापू ना मग?"

काकूंच्या जिभेवर त्या वेळी जन्मातली सगळ्यात मोठी बातमी होती. अशी बातमी, की ती एकदा खिडकीबाहेर पडली असती तर परत तिकिटं विकायची गरज राहिली नसती. मागच्या उघड्या दारातून बोळ दिसत होता. बोळात राजे उभे होते, नेहमीसारखे, आणि त्यांच्या झग्याला टाचण्या लावत काका खाली गुडघ्यांवर. दोघेही हलत नव्हते.

"छापा," काकू म्हणाल्या. "बाई होती. दोरीवरून चालायची."

"नाव?"

"रंबालोरा. आणि छत्री गुलाबी लिहा. लोक पिवळी म्हणतील, ऐकू नका."

हात स्तब्ध झाला. "तुम्हाला... वाईट नाही वाटत?"

"वाटतं की! म्हणून तर तिकीट घेतल्याशिवाय सोडत नाही तुम्हाला. कोपऱ्यातलं देऊ?"

त्या दिवशी काका जेवताना आपणहून बोलले. "आज इस्त्री छान तापली होती," म्हणाले.

पुढे राजे गेले, मग काका गेले. त्यानंतर एकदा काकूंनी नणंदबाईंना जवळ बसवून खरं काय ते सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. म्हणजे गावालाच सांगितलं. पण गावानं ते मनावर घेतलं नाही. दोरीवरची बाई सोडून गावाला दुसरं काही नकोच होतं, आणि ती तर खुद्द बायकोनं छापून आणलेली.

खरं एवढंच होतं: रंबालोर हे मूळव्याधीवर लावायच्या एका परदेशी मलमाचं नाव होतं. मूळव्याध राजांना होती. मलम आणायला काका बाजारात जायचे, आणि त्या दिवशी ट्यूब त्यांच्या खिशात होती.